आईची मिश्री

तंबाखूच्या धुराने रक्तवाहिन्यांच्या पेशींचं काय होतं, हे बघण्याचा मला पगार मिळतो. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत मी हे काम करते. कुणाला सांगितलं की लोक आदराने मान हलवतात आणि विषय बदलतात. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच गॅसवर तवा ठेवून माझी आई तंबाखू भाजते, हे मात्र मी कुणाला सांगत नव्हते.

ज्यांनी मिश्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक पूड करायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावायची. कुणी तिला मशेरी म्हणतं. आमच्या कराडकडच्या घरात मिश्रीच म्हणत. नाव दात घासण्याचं आणि काम तंबाखूचं. पुरुष तंबाखू खातात, बायका मिश्री लावतात, आणि ह्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, अशी आमच्याकडच्या बायकांची पक्की समजूत. आई वडलांना त्यांच्या तंबाखूवरून आयुष्यभर बोलली. बोलताना तिच्या तोंडात मिश्री असायची.

गेल्या दिवाळीनंतर ती आमच्याकडे आली ती पायांमुळे. गावात थोडं चाललं की पोटऱ्या भरून यायच्या, थांबलं की उतरायच्या. वयाचं दुखणं म्हणून तिने ते अंगावर काढलं. मग नव्या चपलेने डाव्या पायाचा अंगठा सोलवटला, तो बरा होईना, कडेने काळा पडायला लागला, तेव्हा भाऊ घाबरला आणि तिला इथे आणून सोडून गेला. सामानात दोन लुगडी, एक स्वेटर, मिश्रीची पितळी डबी आणि वर्तमानपत्रात बांधलेली तंबाखूची पानं. लखनऊत तंबाखू मिळत नसल्यासारखी तिने ती गावाहून आणली होती. "हितली कशी असल काय म्हाईत," ती म्हणाली.

भाजताना येणारा तो वास मी डोळे मिटून ओळखते. लहानपणी मला तो आवडायचाही. आता तो जिन्यातून खाली उतरायला लागला आणि समोरच्या भाभीजींनी दार वाजवून विचारलं, "कुछ जल रहा है क्या?"

"मसाला भून रही हूँ. हमारे महाराष्ट्र का है," मी म्हणाले. इतकं सहज की माझं मलाच नवल वाटलं.

"अच्छा! थोड़ा हमें भी चखाइएगा."

माझी मुलगी मागे उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येतं. "आंटी, मसाला नहीं है. आजी की मिश्री है," ती म्हणाली. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण त्याची काही गरज नव्हती. भाभीजींचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एक पुडा आला, दोऱ्याला चिकटलेले खडे आणि सोबत बडीशेप. आंटीजींना मिश्रीची आवड आहे असं कळलं म्हणून. आईने पुडा उघडून बघितला आणि मला विचारलं, "ही खडीसाखर कशापायी दिली गं त्यांनी?"

आपल्या खडीसाखरेला इथे मिश्री म्हणतात, हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सरळ समोर जाऊन आपली मिश्री कसली असते ते दाखवून आली असती. डबी उघडून, बोट घालून. माझ्या आईला ह्या गोष्टीची लाज नव्हती. लाज सगळी माझ्याकडे होती आणि ती मी पुरवून पुरवून वापरत होते.

ह्या लाजेची सुरुवातही मला चांगली आठवते. पुण्याला होस्टेलवर आई भेटायला आली होती, तेव्हा माझ्या खोलीतल्या मुलीने अगदी काळजीने विचारलं, आईंच्या दातांना काय झालंय. मी म्हणाले, गावच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तेव्हापासून चारचौघांत आई हसायला लागली की मी तिच्याकडे बघायचे. नुसतं बघायचे. ती पदर तोंडाला लावायची.

तर डॉक्टर. रक्तवाहिन्यांचे सर्जन, माझ्याहून लहान, आमच्या संस्थेत एकदोनदा येऊन गेलेले, म्हणून मला ओळखणारे. त्यांच्या दवाखान्यात तपासायची जागा आणि बाहेर बसलेली माणसं ह्यांच्यामध्ये फक्त एक हिरवा पडदा होता. त्यांनी आईच्या पायावर वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ नाडी शोधली. उजव्या पायात सापडली. डाव्यात त्यांनी बोटं पुन्हा पुन्हा हलवली.

"अम्मा, तंबाकू, पान-मसाला, सुरती, कुछ लेती हैं?"

"नै नै," आई म्हणाली. "वैसा कुछ नै. बस मिश्री."

"मिश्री? कितनी?"

"सुबे. दोपहरको. शामको. कभी बीचमें."

"इतनी मिश्री मत खाइए अम्मा. मैं शुगर की जाँच लिख देता हूँ."

"खाती नै. दाँतको लगाती."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "दाँतों में मिश्री? कीड़ा लग जाएगा."

"उलटा है," आई खुशीत म्हणाली. शहरातल्या डॉक्टरला आपल्याला काहीतरी शिकवता येतंय ह्याचा तिला आनंद झाला होता. "उससे कीडा मरता है."

हाच प्रसंग दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मी पोट धरून हसले असते. तिथे माझे कान तापले. आणि मी बोलायला लागले. "सर, वो वाली मिश्री नहीं. तंबाकू है. पत्ता तवे पर जलाते हैं, पीसते हैं, मसूड़ों पर रगड़ते हैं. निकोटिन सीधा ख़ून में जाता है." इथे थांबायला हरकत नव्हती. एवढंच सांगायचं होतं आणि ते सांगायलाच हवं होतं. पण मी पुढे एंडोथेलियल पेशी काढल्या, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस काढला, आमच्या प्रयोगात काय दिसतं ते काढलं. माझा आवाज चढला होता. डॉक्टरांना हे सगळं माझ्याआधी माहीत होतं. मला त्यांना एवढंच कळवायचं होतं की मी त्या बाईच्या बाजूची नाही, तुमच्या बाजूची आहे.

पडद्यापलीकडची कुजबुज बंद झाली होती. आईला माझ्या बोलण्यातला 'तंबाकू' एवढा एकच शब्द नीट कळला असेल. सूर मात्र सगळा कळला. तिने पदर तोंडाला लावला.

"आप तो इसी पर काम करती हैं न," डॉक्टर म्हणाले, "फिर घर में..." आणि सभ्यपणे वाक्य अर्धं सोडलं. लखनऊमध्ये अशी अर्धी वाक्यं फार जिव्हारी लागतात.

मग त्यांनी आईला समजेल अशा सावकाश हिंदीत सांगितलं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. गोळ्या देतो. तंबाखू कुठल्याही नावाची असो, पूर्ण बंद. नाही केली तर हा अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबेल की नाही ते आज सांगता येणार नाही. दुसरं म्हणजे रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, उभं राहायचं, दुखणं उतरलं की पुन्हा चालायचं.

परतताना ई-रिक्षात आई समोर बघत बसली होती. तशीच बसून म्हणाली, "चारचौघांत काढलीस माझी."

"मग काय डॉक्टरला खोटं सांगायचं? अंगठा जाईल आई तुझा!"

"खरंच सांगायचं हुतं," ती म्हणाली. "हळू सांगायचं हुतं."

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण दाखवायला लागले.

घरी मी तिला पेशी समजावायला बसले. भांडून जमत नाही तिथे शिकवून जमवायचं ही माझी जुनी खोड. मी म्हणाले, पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते की नाही? ती आहे तोवर आमटी कळकत नाही. तसं रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. फरक इतकाच की ही कल्हई जिवंत असते आणि आपली डागडुजी आपणच करते. आपण श्वासातून प्राणवायू घेतो, त्याचेच काही तापट कण होतात आणि ते समोर येईल त्याला चावत सुटतात. तंबाखूने असे कण वाढतात. पण पेशीही काही हात बांधून बसलेली नसते. तिच्यात एक प्रथिन असतं. एरवी दुसरं एक प्रथिन त्याला दंड धरून बसवून ठेवतं, आगाऊ पोराला धरावं तसं, आणि त्याची गरज नसली की त्याची विल्हेवाटही लावतं. ताण आला की धरणाऱ्याची पकड सुटते. मग ते पहिलं प्रथिन उठतं, थेट पेशीच्या केंद्रकात जातं आणि झोपलेली जनुकं जागी करतं. त्या कणांना विझवणारी द्रव्यं तयार व्हायला लागतात, मोडकंतोडकं उचललं जातं, आणि काही तासांत पेशी सावरते.

हे सांगताना मी रंगात येते, तशी आलेच. म्हणाले, आम्ही काही पेशींना आदल्या दिवशी अगदी थोडा धूर देतो, द्रवात विरघळवून. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भरपूर देतो. ज्यांना आधी थोडा मिळाला होता, त्या जास्त तगतात. पहिल्या त्रासाने त्यांनी बंदोबस्त करून ठेवलेला असतो.

आईने सगळं मन लावून ऐकलं. "म्हंजे थोडा थोडा तरास दिला की शान्या हुतात."

"हो."

"मग मी बी थोडीच लावते की."

माझी मुलगी खो खो हसली. मी चिडले. असं नसतं आई, म्हणाले, थोडा म्हणजे एकदा, आणि मग उसंत. तू त्यांना उसंत कुठे देतेस? सकाळ, दुपार, संध्याकाळ, वर्षानुवर्षं! रोजच ताण असला की तो बंदोबस्तही थकतो, मग अस्तर फाटतं, आणि त्यावर चिकटा साठतो. पण माझं बोलणं आता शिकवण्याचं राहिलं नव्हतं, पुन्हा दवाखान्यातला सूर लागला होता. आई उठून आत गेली. मी तवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला, जिथे तिचा हात पोचत नाही. सत्तरीच्या बाईपासून तवा लपवला मी.

नंतर घरात भाजल्याचा वास आला नाही. मला वाटलं, जिंकले. अंगठा मात्र तसाच होता, काळी कड तसूभरही मागे सरकत नव्हती. एका रविवारी, छान ऊन पडलं होतं म्हणून मी रजया वाळत घालायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागून धूर येत होता. आई तिथे भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. तीन विटा मांडून, त्यांच्यामध्ये काटक्या पेटवून, वर एका जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण ठेवून ती पानं भाजत होती. वारा खालच्या घरांकडे जात होता का ते मान वर करून बघत होती. दुखरा पाय तिने पुढे लांब सोडला होता, कारण तो मुडपता येत नव्हता. जिने चढताना तो किती दुखला असेल.

तिने मला पाहिलं नाही. मी रजया तशाच हातात धरून जिना उतरले. माझ्या आईने आयुष्यात कधी काही लपवून केलं नव्हतं. रानात, ओट्यावर, पाव्हण्यांसमोर, जिथे असेल तिथे ती डबी काढायची. लपवणं ती माझ्याकडून शिकली होती, तेही ह्या वयात. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खाली येऊन गुपचूप कणीक मळायला घेतली. सगळं झाल्यावर ती खाली आली तेव्हा मी विचारलं, कुठे होतीस? ती म्हणाली, उनाला बसले हुते.

दुसऱ्या दिवशी मी तवा खाली काढून ठेवला आणि तिला म्हणाले, चल, चालायला जाऊ. डॉक्टरांनी सांगितलंय.

आमच्या कॉलनीत एक बाग आहे, तिच्याभोवती बंगले. मी कामावरून लवकर निघायचे आणि ऊन असेपर्यंत आम्ही दोघी त्या बागेला फेरी मारायचो. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, पण आई दुखायला लागलं म्हणून थांबत नसे. ती फाटक बघायला थांबे. कुणाचा गुलाब बघायला. कुणाची स्कूटर कशी लावलीय ते बघायला. "केवढी शेवंती लावलीय बघ," म्हणायची आणि फाटकाचा गज धरून उभी राहायची, पोटरी उतरेपर्यंत. मग म्हणायची, "चल." रस्त्यात उभं राहून पाय चोळणारी म्हातारी माझ्या ओळखीच्या कुणाला दिसू नये म्हणून हे चाललं होतं. तिला शेवंतीत काडीचा रस नव्हता. एका फाटकामागे तर काहीच नव्हतं, नुसती बंद गाडी. तिथेही ती म्हणाली, "छान हाय."

मग मीही तिच्याबरोबर फाटकं बघायला लागले. वेगाने शिकवण्याची माझी हौस फाटकांपाशी हळूहळू कमी झाली. तिनेच एकदा विचारलं, चालून काय हुतंय, उलट पाय दुखतोयच की. मी म्हणाले, रक्त वाहतं ना, ते त्या अस्तराच्या अंगावरून घासत जातं. त्या घासण्यानेच पेशी जाग्या राहतात. आम्ही पेशी ज्या बशीत वाढवतो तिथे काही वाहत नाही, सगळं साचलेलं, म्हणून तिथल्या पेशी वेड्यावाकड्या पसरतात आणि लवकर हार खातात. पंप लावून वरून द्रव वाहता ठेवला की सगळ्या एका दिशेला अंग करून नीट लागतात आणि त्यांचा बंदोबस्त आधीपासूनच जय्यत असतो.

"आन् ह्या पेशी तुमी आणता कुठनं?"

"नाळेतून. इथल्या प्रसूतीच्या दवाखान्यातून नाळा येतात, बर्फाच्या डब्यात. नाळेत मोठी शीर असते, ती धुवून आतलं अस्तर सोडवून घेतो."

आई थांबली. जवळपास फाटक नव्हतं. "बाळाच्या नाळंला धूर देता?"

"नाळ एरवी टाकूनच देतात आई. बाळाच्या आईला विचारून घेतो."

"काय इचारता?"

"वय, आजार, बीपी, शुगर. तंबाखू, गुटखा खाते का. खात असेल तर ती नाळ आम्ही घेत नाही."

"का?"

"त्या पेशींनी आधीच खूप सोसलेलं असतं. त्या प्रयोगाला चालत नाहीत."

आम्ही चालायला लागलो. मी घरी जाऊन भाजी काय करायची त्याचा विचार करत होते, खरंच. तेवढ्यात ती म्हणाली, "तुझी नाळ चालली असती का गं?"

आणि मी म्हणाले, "नसती घेतली."

विचार न करता, संस्थेत कुणी विचारावं आणि मी सांगावं तसं. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की तिने काय विचारलं होतं. मी घाईघाईने म्हणाले, अगं तो नुसता नियम आहे, प्रयोगापुरता, सगळ्या पेशी सारख्या हव्यात म्हणून, त्याचा बाळाशी काही संबंध नाही, मी बघ चांगली ठणठणीत आहे. ती हूं म्हणाली. पुढचं फाटक आलं, शेवंतीचं. ती थांबली नाही. त्याच्या पुढच्यालाही थांबली नाही. पाय दुखत असणार, कारण तिचा श्वास ऐकू येत होता. मी दंडाला हात लावला तर तिने तो काढला.

सकाळी पितळी डबी ओट्यावर होती, घासून लख्ख केलेली, पालथी. बेसिनच्या जाळीत काळी पूड अडकली होती. जे डॉक्टरला अंगठ्याच्या धाकाने जमलं नाही, मला एवढ्या शिक्षणाने जमलं नाही, ते माझ्या एका निर्दय उत्तराने झालं होतं, आणि त्याचा आनंद मानायची माझी छाती होईना.

पुढचे आठवडे वाईट गेले. तंबाखू सुटली की माणूस पिसाळतो. तिचं डोकं धरायचं, पोट साफ व्हायचं नाही, टीव्हीच्या आवाजावरून ती नातीवर खेकसायची. एकदा तर माझ्या नवऱ्याला ताटावरून म्हणाली की ही तुमच्या लखनऊची डाळ आहे का पाणी. तो बिचारा बँकेतून दमून आलेला, निमूटपणे जेवला. मध्येच ती रिकामी डबी उघडून वास घ्यायची. मी बघितलं की मिटायची. मग माझ्या मुलीने काय केलं, भाभीजींनी दिलेला तो पुडा फोडून खडे त्या डबीत भरले. "लो आजी, आपकी मिश्री." आईने एक खडा गालात धरला, तोंड वाकडं केलं, आणि धरून ठेवला.

थंडी सरत आली तेव्हा अंगठ्याची काळी कड सुटायला लागली. खालून गुलाबी कातडी दिसली. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

दाखवायला गेलो तो दिवस गर्दीचा होता. पडद्यापलीकडे माणसं होतीच. डॉक्टरांनी अंगठा पाहिला, खूश झाले, दोन बोटांनी डाव्या पायाची नाडी शोधली आणि म्हणाले, हलकी आहे, पण आता लागतेय. मग हसत विचारलं, "और अम्मा, वो मिश्री?"

मी तोंड उघडलं. आईने माझा दंड धरला आणि मला बसवलं.

"वो मिश्री नै थी," ती म्हणाली. चांगल्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तंबाकू थी. जलाई हुई. छोड़ दी. अब तुम्हारी मिश्री खाती."

पलीकडे कुणीतरी हसलं. डॉक्टरही हसले. "कितने साल लगाई अम्मा?"

"बहुत." पदर तिच्या हातात होता, पण तिने तो वर नेला नाही. "ये पेटमें थी, तबभी. डाक्टरसाब, इसके पाँवकी नाडी देखो ना एक बार."

"आई!" मी म्हणाले. "मुझे कुछ नहीं है, सर. प्लीज़, आप रहने दीजिए."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. ती एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाकडे काही मागत होती. चालताना, खेकसताना, रिकामी डबी हुंगताना तिने हेच मनात धरून ठेवलं होतं, आणि मी समजत होते की तिला तलफ आलीय.

"जूता उतारिए, मैडम," डॉक्टर म्हणाले.

मी बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. पहिल्यांदा मला त्या भोकाचीच लाज वाटली. मोजाही काढला आणि पाय पुढे केला. त्यांनी माझ्या पायावर दोन बोटं ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने, आईच्या पायाला लावला होता तेवढाच वेळ लावला. आई खुर्चीतून पुढे वाकून त्यांच्या बोटांकडे बघत होती. मी छताकडे बघत होते, कारण खाली बघितलं असतं तर मला आवरलं नसतं.

"है ना?" तिने विचारलं.

"है अम्मा. बहुत अच्छी चल रही है."

"मग झालं," आई म्हणाली, आणि आपली चप्पल शोधायला लागली.